विमानाचं तिकीट काढण्याआधी वहीत दोन आकडे लिहा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं तिकिटांचं छोटं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सुरुवातीला रात्रीच्या पुण्या-मुंबईच्या गाड्या आणि रेल्वेचं आरक्षण एवढंच काम असायचं, विमानाचं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. आता हुपरीचे चांदीवाले, शिरोलीचे फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले येतात. पोरगी बेंगळुरूला नोकरीला असलेले आईवडील येतात, आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या गडहिंग्लजकडच्या आज्याही येतात. आत आल्यावर जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं: "वहिनी, सगळ्यात स्वस्त कुठलं हाय ते बघा."

स्वस्त मी बघतेच. पण कॉम्प्युटरकडे वळायच्या आधी फुलस्केप वही उघडते आणि दोन प्रश्न विचारते. एक, घरातून निघून तिकडच्या दारात पोचेपर्यंत एकूण किती खर्च झाला तर चालेल? दोन, चार तास लवकर पोचायला किंवा मधे विमान बदलायला लागू नये म्हणून वर किती द्याल? दोन्ही आकडे लिहून घेते, मग शोधायला लागते.

ही सवय मला एका फाउंड्रीवाल्या दादांमुळे लागली. ते म्हणाले, "माझा एक तास वाचत असेल तर हजार रुपये जास्त लागू देत, पण कामगार थांबून राहायला नकोत." त्याच दिवशी दुपारी एक आजी आल्या. त्यांना तासांचं काही नव्हतं. "दिवसभर बसीन मी, पण दोन विमानं बदलायला लावू नकोस बाळ, मला ते जमायचं नाही." त्यासाठी तीन हजार जास्त द्यायची त्यांची तयारी होती. एकाच शहरातली, एकाच दिवशी आलेली ही दोन माणसं, पण पैसे कशाला द्यायचे याचं उत्तर वेगळं. विमान कंपनीचा सगळा धंदा हे उत्तर ओळखण्यावर चालतो. ते तिच्या आधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

भाव असा का हलतो

कपिलतीर्थ मार्केटात संध्याकाळी मेथीची जुडी स्वस्त होते, कारण रात्री ती कोमेजणार. विमानाची रिकामी सीटसुद्धा दार बंद झालं की वाया जाते. मग शेवटच्या दिवशी ती स्वस्त का होत नाही? कारण शेवटच्या दिवशी येणाऱ्याला थांबता येत नसतं. उद्या चेन्नईत मशीन बंद पडलंय, कुणीतरी अत्यवस्थ आहे, कोर्टाची तारीख आहे. असा माणूस भाव विचारतो, पण सोडून जात नाही. म्हणून कंपन्या काही सीटा शेवटच्या गिऱ्हाइकासाठी महाग भावानं राखून ठेवतात. अमेरिकेत १९८० च्या दशकात विमान कंपन्यांनी कॉम्प्युटर लावून हे काम शास्त्रशुद्ध केलं. आपल्याकडे १९९४ मध्ये जुना हवाई महामंडळ कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि भाव ठरवण्याची मोकळीक आली.

आत काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण पैसे वाचवायची अर्धी युक्ती इथेच आहे. एका विमानातल्या साध्या सीटा एकाच भावाच्या नसतात. त्यांचे कप्पे पाडलेले असतात, खालचा कप्पा स्वस्त, वरचा महाग. खालचा संपला की भाव वरच्या कप्प्यावर जातो. आता समजा तुम्ही चौघं आहात आणि खालच्या कप्प्यात तीनच सीटा उरल्यात. चौघांचं एकदम शोधलंत तर स्क्रीनवर चौघांनाही वरचा भाव दिसतो. म्हणून आधी एकाचं शोधा, मग दोघांचं, मग तिघांचं. भाव कुठे उडी मारतो ते कळेल. तिघांचं एक तिकीट आणि चौथ्याचं वेगळं, असं काढलं की कधीकधी चांगला फरक पडतो. फक्त लहान मूल किंवा म्हातारं माणूस एकट्याच्या तिकिटावर टाकू नका. कंपनीनं विमान बदललं तर दोन तिकिटांची माणसं दोन वेगळ्या वेळांना जाऊ शकतात.

मोबाईलवर सारखं शोधल्यानं भाव वाढतो, असं दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. मधल्या वेळात दुसऱ्यानं सीट घेतली आणि कप्पा संपला, एवढंच झालेलं असतं. मंगळवारी तिकीट काढलं की स्वस्त पडतं, यावरही माझा विश्वास नाही. तिकीट कुठल्या वारी काढलं यानं फरक पडत नाही, प्रवास कुठल्या वारी आहे यानं पडतो. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, मंगळवार-बुधवारची दुपार बरी. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचं दोन-अडीच महिने आधी काढा. एरवी तीन ते सहा आठवडे आधी काढलेलं तिकीट माझ्या गिऱ्हाइकांना बहुतेक वेळा परवडलंय. दोन आठवड्यांच्या आत आलात तर वाट बघत बसू नका, घेऊन टाका.

उजळाईवाडी की पुणे

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडायचं की पुण्याच्या लोहगावहून, कोल्हापूरकरांचा हा रोजचा प्रश्न, आणि वहीतला पहिला आकडा यासाठीच आहे.

समजा चौघांना दिल्लीला जायचंय. पुण्याहून थेट विमानाचं तिकीट माणशी ५,२०० आणि उजळाईवाडीहून एकदा विमान बदलून माणशी ७,९०० दिसतंय. मोबाईलवर बघणारा लगेच म्हणेल, पुणे, दहा हजार आठशे वाचले. आता वहीत मांडू. पुण्याची चार तिकिटं २०,८००. लोहगावपर्यंत गाडी ४,५००. विमान पहाटेचं असेल तर आदल्या रात्री लॉजची खोली, २,५०० धरा. वाटेतलं जेवण-चहा ८००. झाले २८,६००. कोल्हापूरची चार तिकिटं ३१,६०० आणि उजळाईवाडीपर्यंत गाडीचे ४००, म्हणजे ३२,०००. फरक उरला ३,४०० रुपये, माणशी साडेआठशे. त्या साडेआठशेत पुण्यापर्यंतचे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर वाचतात, कागल-साताऱ्याच्या सहापदरीकरणातल्या डायव्हर्जनवरचे खोळंबे वाचतात आणि एक रात्रीची झोप मिळते. माझ्या मते लहान मुलं बरोबर असतील तर कोल्हापूरच.

पण हाच हिशेब कॉलेजच्या एकट्या पोराचा मांडा. एसटीनं स्वारगेट, तिथून लोहगावला रिक्षा, सगळे मिळून समजा ९००. म्हणजे पुण्यामार्गे ६,१००, उजळाईवाडीमार्गे ८,३००. बावीसशेचा फरक. त्यानं पुण्याला जावं, अंगात ताकद आहे. तोच प्रवास, तेच भाव, पण माणूस बदलला की उत्तर फिरतं. म्हणून दुसऱ्याला काय परवडलं हे विचारून तिकीट काढू नका.

बेळगावचं सांबरा विमानतळ आणि गोव्याचं मोपा हेही बघत जा. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, आणि आजरा-गडहिंग्लज-चंदगडच्या लोकांना पुण्यापेक्षा ही दोन्ही जवळ पडतात. पावसाळ्यात मात्र आंबोली घाटातल्या धुक्याचा वेळ धरूनच निघा.

कोल्हापूरहून सुटणाऱ्या विमानांबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. इथले बरेच मार्ग उडान योजनेमुळे, म्हणजे छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेमुळे आले. त्या योजनेतलं देशातलं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून दिल्लीला उडालं. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, तेही साधारण निम्म्या सीटांना, बाकीच्या बाजारभावानं, अशी तेव्हाची रचना होती. त्या मर्यादेतल्या सीटा लवकर संपतात. आणि सरकारकडून कंपनीला मिळणारी तूट-भरपाई तीन वर्षांपुरती असते. ती संपली आणि गिऱ्हाईक पुरेसं नसलं की मार्ग बंद पडतो. २०१८ पासून आपण किती मार्ग सुरू होताना आणि गुंडाळताना पाहिले. मार्च २०२४ मध्ये काळ्या दगडाची देखणी नवी इमारत उभी राहिली तेव्हा मला खरंच अभिमान वाटला, पण इमारत आहे म्हणून विमान असेलच असं धरू नका. लांबच्या तारखेचं तिकीट काढलं असेल तर महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी, दोनदा वेळ तपासा.

दोन तिकिटं जोडताना

यात मी सर्वांत जास्त लोकांना रडताना पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोल्हापूर ते मुंबई एका कंपनीचं, मुंबई ते दुबई दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळी काढली की स्वस्त पडतात. पण पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पैसे गेले. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, दोन्ही टप्पे असतील तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची, आणि सामानही बहुधा परस्पर पुढे जातं. त्या एका क्रमांकासाठी जास्त लागणारे हजार-दोन हजार हे माझ्या मते विमान प्रवासातले सर्वांत चांगले खर्च झालेले पैसे आहेत.

तरीही वेगळी तिकिटं काढायची असतील तर मधे निदान पाच तास ठेवा. परदेशाचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी उजळाईवाडीच्या विमानावर परदेशाचं तिकीट जोडूनच देत नाही. ढग खाली उतरले की विमान फिरून परत जातं, आणि इथे बऱ्याच मार्गांवर दिवसाला एकच विमान. पुढचं म्हणजे उद्याचं. अशा वेळी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या कामी येते. पावसाळ्यात तिचं आरक्षण बरोबर असू द्या. मुंबईतही टर्मिनल एक की दोन ते वाचा. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, त्यामुळे 'मुंबई' एवढंच वाचून गाडी ठरवू नका.

कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही

सीट निवडायचे पैसे कोल्हापूरच्या विमानात मी कुणाला देऊ देत नाही. इथे येणाऱ्या एटीआर ७२ या छोट्या विमानात दोन-दोन सीटांची रांग असते, मधली सीटच नसते. मोठ्या एम्ब्रेअर विमानातही तसंच. शिवाय एटीआरचं प्रवाशांचं दार मागे असतं, पुढे सामानाचं. लवकर उतरता येईल म्हणून पुढच्या रांगेचे पैसे भरणारा सगळ्यात शेवटी उतरतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी बसवावं, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. त्यामुळे मुलाच्या शेजारची सीट विकत घेण्याआधी कंपनीला फोन करून मागा. वेब चेक-इन सुरू झाल्याबरोबर केलंत तर बहुतेकदा फुकटातली चांगली सीट मिळते.

सामानाचे पैसे मात्र घरी बसून आधीच भरा. देशातल्या साध्या तिकिटावर साधारण १५ किलो खाली, म्हणजे विमानाच्या पोटात, आणि ७ किलो हातात असं असतं. काही स्वस्त तिकिटांत खालचं सामान धरलेलंच नसतं, भाव कमी दिसतो तो त्यामुळे. काउंटरवर वजन जास्त भरलं तर किलोमागं जे द्यावं लागतं त्यात दोन ढेपा गूळ येतो. पोरीकडे निघालेल्या आया कांदा-लसूण चटणीचा डबा, गूळ, चपलांचे चार जोड असं घेऊन निघतात. घरच्या काट्यावर बॅग तोला. मिरचीचं लोणचं आणि चटण्या खालच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतात. सुकं खोबरं नेऊच नका, त्यातल्या तेलानं पेट घ्यायचा धोका असतो. पॉवर बँक मात्र हातातच.

विमानातलं जेवण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. दशम्या सुरक्षा तपासणीतून जातात, एवढं सांगते.

चाकाची खुर्ची चालता न येणाऱ्यांना फुकट मिळते, तिकीट काढतानाच नोंदवा. आपल्या भागातल्या घराघरात फौजी आहेत. सैन्यातल्या, निवृत्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांना काही कंपन्या सवलत देतात, पण ओळखपत्र काउंटरवर दाखवावं लागतं. विद्यार्थ्यांना सवलतीबरोबर जास्त सामान मिळतं. साठीच्या पुढच्यांनी सवलतीचा भाव आणि साधा भाव शेजारी शेजारी ठेवून बघावा, कारण साधी सूट कधीकधी त्याहून स्वस्त पडते.

पैसे भरायच्या पानावर विमा, देणगी, 'लवकर चढा' असल्या खुणा आधीच केलेल्या असतील तर काढून टाका. हाताळणी शुल्क, म्हणजे स्क्रीनवरची 'कन्व्हिनियन्स फी', माणशी आणि टप्प्यागणिक लागतं, आणि तिकीट रद्द केलं तरी परत येत नाही. बिझनेस वर्गाचा विचार असेल तर करही धरा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, साध्या वर्गाला ५ टक्के.

फोन नंबर तुमचाच द्या

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाच्या तिकिटावर दुकानाचा नंबर टाकला होता. तेव्हा सगळे एजंट तसंच करायचे. विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज रात्री दोनला आला, मी तो सकाळी दहाला वाचला. तोवर ती माणसं दोन लहान पोरांना घेऊन पहाटेपासून विमानतळावर बसलेली होती. चूक माझी होती आणि त्यांनी भरपाई मागितली तेव्हा उत्तर मिळालं की प्रवाशाचा संपर्क नोंदलेला नाही. नियम खरंच तसा आहे. त्या दिवसापासून तिकिटावर गिऱ्हाइकाचाच नंबर जातो. तुम्ही कुठल्याही एजंटकडून काढा, हा हट्ट धरा.

हक्काचे आकडेही पाठ ठेवा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला विमान दोन तासांहून जास्त रखडलं तर खाणं-पाणी कंपनीनं द्यायचं. सहा तासांहून जास्त रखडणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं तुम्ही निवडायचं. न कळवता रद्द केलं तर तासाभराच्या प्रवासाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज, यातलं जे कमी असेल ते. हवामानामुळे रद्द झालं तर ही भरपाई नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान तरीही मिळतं. आणि तुम्ही स्वतः 'ना-परतावा' तिकीट रद्द केलंत तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. कितीतरी लोक रक्कम थोडी आहे म्हणून ते मागतच नाहीत. मागा. काउंटरवरचा माणूस ऐकत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, तिथून नाही सुटलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. बोर्डिंग पास, मेसेज, रखडल्याची वेळ दाखवणाऱ्या फलकाचा फोटो, सगळं जपा.

डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो विमानं रद्द झाली, तेव्हा माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेल्या विमानांचे भाव इतके चढले की शेवटी सरकारला मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. त्या आठवड्यात कमीत कमी हाल झाले ते ज्यांचे वहीतले आकडे आधी ठरलेले होते त्यांचे. एक काका म्हणाले, "वहिनी, नऊ हजारांपर्यंत काढा, वर गेलं तर रेल्वे." मी दहा मिनिटांत त्यांना रेल्वेत बसवलं. बाकीचे स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि तोवर गाड्याही भरल्या.

तिकीट निघालं की मी ते गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि आधार कार्ड शेजारी ठेवून मोठ्यानं वाचायला लावते. नाव, आडनाव, तारीख, कुठून, कुठे, टर्मिनल, सामानाचे किलो, फोन नंबर. स्पेलिंग चुकलं असेल तर तेव्हाच कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही. आज्यांना वाचता येत नसेल तर मी वाचते आणि त्या मान डोलावतात. मग मी घडी घालून ते त्यांच्या पिशवीत ठेवते.